एकोणतीस डिसेंबरचा फोन

मालसुन मावशी कुणाला वय विचारायच्या नाहीत, जनावर विचारायच्या. पलीकडच्या माणसाला अगं म्हणायचं की अहो, हे ठरल्याशिवाय आमच्या देशात बोलणं पुढे सरकत नाही. बाकीचे लोक त्यासाठी आडून आडून चौकशा करतात. मावशी थेट म्हणायच्या, "कोणत्या जनावराची गं तू?" पलीकडून मेंढी किंवा वाघ असं काही आलं, की वर्षाला एक जनावर असं बारा वर्षांचं चक्र त्यांच्या डोक्यात गर्रकन फिरायचं आणि तोंडून वय बाहेर पडायचं. "कॅल्क्युलेटर बिघडतो, मेंढी बिघडत नाही," असं म्हणायच्या. त्यांचा हिशेब चुकलेला मी कधी पाहिला नाही. ज्या एका वेळेला घात झाला, त्या वेळीही खरं तर तो चुकला नव्हता.

त्यांचं स्वतःचं जनावर माकड. चार बहिणींतली चौथी. बापाने नाव ठेवलं मालसुन, म्हणजे शेवटची, आता पुरे. नकुशी नाव ठेवतात त्यातलाच प्रकार. पुढच्याच वर्षी भाऊ झाला, तेव्हा नावाने आपलं काम केलं असं घरात सगळ्यांनी मानलं आणि मालसुनला शाळेतून काढलं ते त्याच्याच फीसाठी. सोळाव्या वर्षी त्या सोलला येऊन केसांचे टोप शिवणाऱ्या कारखान्यात लागल्या. तिथे मुकादम बायकांच्या संडासाबाहेर घड्याळ घेऊन उभा राहायचा. त्यावरून पोरींनी संप केला, आणि कुठल्या तरी परदेशातल्या बायकांनी वर्गणी काढून त्यांच्यासाठी पैसे पाठवले. पैसे पोचले तेव्हा पोरींना फरफटत बाहेर काढून नऊ दिवस झाले होते. त्या पैशाचं शेवटी काय केलं हे त्या कधी सांगत नसत. एवढंच म्हणत, "पैसा वेळेवर आला तर चळवळ, उशिरा आला तर श्राद्ध."

आमचा निधी म्हणजे सोलच्या मांगवोन भागात, मोडांचं सूप विकणाऱ्या खानावळीच्या वर, तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. समुद्रापलीकडच्या एका मोठ्या संस्थेकडून आम्हाला पैसे येत आणि ते आम्ही गावोगावच्या तरुण मुलींच्या छोट्या गटांना देत असू. कुणी शाळेतल्या मास्तराविरुद्ध उभ्या राहिलेल्या, कुणी हॉटेलात भांडी घासणाऱ्यांची संघटना बांधणाऱ्या. ज्यांना बँक दारात उभं करत नाही आणि घरचे जेवताना बोलत नाहीत, अशा पोरी. अट एकच होती. गटाची पुढारी तिशीच्या आतली हवी. जुन्या बायांनी पुढे बसून तरुणींच्या नावाने पैसे घेऊ नयेत म्हणून ही अट होती, आणि ती मुळात चांगलीच होती. अर्जाचा कागद परदेशी भाषेतून आमच्या भाषेत मी आणला होता. मी हेजू. तेव्हा ऑफिसातली सगळ्यात धाकटी.

मावशी तिथे आल्या त्या एका बैठकीचा स्वयंपाक करायला, आणि राहिल्या. हळूहळू एक काम त्यांचंच झालं. नकार कळवायचं. पत्राने नकार देणं त्यांना मान्य नव्हतं. "पोरीने रात्री जागून अर्ज लिहिला आणि तिला काय, छापील चिठ्ठी? नाही म्हणायचं तर तोंडाने म्हणायचं, आणि पुढचं ऐकून घ्यायचं." म्हणून दर फेब्रुवारीत त्या खालून तापवलेल्या जमिनीवर मांडी घालून, शेजारी जवाच्या चहाची किटली ठेवून, एकेकीला फोन लावत. पोरी रडत, काहीजणी शिव्या देत. मावशी ऐकत आणि दुसरं कोणतं दार ठोठवायचं ते सांगत. नंतर प्रत्येकीला रताळ्यांचं एक खोकं जाई. नकार देऊन नाती जोडणारी बाई मी दुसरी पाहिली नाही.

दोन हजार सतरा सालच्या फेब्रुवारीत समचोनपोहून छे दानबीचा अर्ज आला. समचोनपो हे दक्षिणेकडचं मासळीचं बंदर. दानबी तिथे सुकटीच्या शेडमध्ये पॅकिंग करायची. तिच्या एका मैत्रिणीचं संडासातलं चित्रण कुणीतरी चोरून काढून विकलं होतं आणि ती मैत्रीण गाव सोडून गेली होती. त्यानंतर दानबी आणि आणखी दोघी, अशा तिघींनी गावातल्या बायकांच्या प्रत्येक संडासात जाऊन भिंतींतली भोकं शोधायला सुरुवात केली. भोक सापडलं की त्यात रंगारी वापरतात ती पांढरी लांबी भरायची आणि ओल्या लांबीवर अंगठा दाबायचा. ठसा दिसला की आत आलेल्या बाईने समजायचं, हे बघून झालंय, निर्धास्त बस. बाजारासमोरच्या एका इमारतीत त्यांना भोकाच्या मागे कॅमेराच सापडला. त्यांनी इमारतीचं नाव लिहून दारावर कागद चिकटवला, तर मालकाने बदनामीचा खटला भरला. आमच्या कायद्यात खरं बोलूनही बदनामीचा गुन्हा होतो. एप्रिलच्या आत वकील हवा होता, म्हणून अर्ज.

तो अर्ज मावशींनी दोनदा वाचला. संडास आणि घड्याळवाला मुकादम त्यांच्या डोक्यातून गेला नव्हताच. "हिला द्यायचं," एवढंच म्हणाल्या, आणि आम्ही कुणी नाही म्हणणार नव्हतो. फक्त खात्रीसाठी फोन करायचा होता. मी शेजारीच बसले होते.

"कोणत्या जनावराची गं तू?"

"ससा."

"म्हणजे एकतीस."

"हो, एकतीस. का हो, मावशी?"

मावशींनी फोनवर हात ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवर लावलेल्या अटीच्या कागदाकडे पाहिलं आणि मान हलवली. नाही अशी. त्या हलवलेल्या मानेचा मला आजही राग येतो.

मावशींनी तिला सांगितलं. ती हसली. "घ्या, म्हणजे मी म्हातारी झाले. भोकं बुजवायला वयाची अट असते हे माहीत नव्हतं मला." मग तिने विचारलं की दुसरीचं नाव पुढारी म्हणून घातलं तर चालेल का, आणि स्वतःच म्हणाली की नको, त्यांचे बाप नाव देऊ देणार नाहीत, आता नाव द्यायचं म्हणजे कोर्टाला द्यायचं. मावशी तिला दुसऱ्या एका संस्थेचा नंबर सांगायला लागल्या. तिने तो लिहून घेतला की नाही कोण जाणे. शेवटी म्हणाली, "बरं, मावशी. पण परत फोन नका करू हं. नाही हे एकदाच ऐकवतं मला."

रताळ्यांचं खोकं मे महिन्यात परत आलं. पत्त्यावर कुणी नव्हतं.

नोव्हेंबरात परदेशातल्या त्या संस्थेची एक बाई आम्हाला भेटायला आली. अनेके तिचं नाव, उंच, लाजरी, काट्या-चमच्याशिवाय जेवायची तिची धडपड चालली होती. खाली खानावळीत सगळ्या बसलो होतो. मावशींनी माझ्याकरवी तिला जनावर विचारलं. तिला आपलं जनावर माहीत नव्हतं, म्हणून जन्माचं साल सांगितलं, पंच्याऐंशी. मावशी म्हणाल्या, बैल, तेहेतीस. अनेके हसत सुटली. म्हणाली, "छे छे, मी एकतीसची आहे, डिसेंबरात बत्तीस होईन, माझी दोन वर्षं कुणी खाल्ली?"

सगळ्या हसल्या. परदेशी पाहुणा आला की हा विनोद ठरलेला. मूल जन्मतं तेच आमच्याकडे एक वर्षाचं धरत, आणि नवं साल लागलं की अख्ख्या देशाचं वय एकदम एकाने वाढे. बँकेत, दवाखान्यात पुरी झालेली वर्षं मोजतात हे आम्हाला काय माहीत नव्हतं? पण माणसाने माणसाला वय विचारलं की घरचंच वय सांगितलं जाई. सांगणारीलाही वेगळं सुचत नसे आणि विचारणारीलाही.

मावशी मात्र हसायच्या थांबल्या होत्या. मला म्हणाल्या, "हेजू, हिला विचार. अटीतली तिशी कुणाची? तिची की आपली?"

मी विचारलं. अनेके गोंधळली. म्हणाली, पुरी झालेली वर्षं, अर्थात. मग तिने विचारलं की काही घडलंय का. आमच्या प्रमुख गू बाईंनी माझ्याआधीच उत्तर दिलं, काही नाही.

जेवण झाल्यावर मावशी वर येऊन कपाटासमोर बसल्या आणि दानबीचा अर्ज काढला. खाली नागरिक क्रमांक होता. त्याचे पहिले सहा आकडे म्हणजे जन्मतारीख. सत्त्याऐंशी, बारा, एकोणतीस. डिसेंबरच्या एकोणतीस तारखेला जन्मलेली पोरगी, तीन दिवसांत दोन वर्षांची झालेली. फेब्रुवारीत ती एकोणतीसचीच होती. त्या दिवशीही एकोणतीसचीच होती. तिशी पुरी व्हायला अजून महिनाभर बाकी होता.

मावशींनी लगेच फोन लावला. दानबीने रिंगच्या जागी समुद्राच्या लाटांचा आवाज ठेवला होता. लाट यायची, फुटायची, मागे जायची. मिनिटभर तो आवाज आम्ही दोघींनी ऐकला आणि फोन आपोआप बंद पडला.

गू बाई दुष्ट नव्हत्या, हे मला सांगायलाच हवं. त्या म्हणाल्या, पोरीला शोधा, उरलेल्या पैशातून देऊन टाकू, पण लेखी काही पाठवू नका. लेखी कबुली फिरत फिरत परदेशी पोचली तर पुढच्या वर्षीचे पैसे अडकतील. "एकीसाठी वीसजणींच्या पुढचं ताट ओढायचं का?" मावशी म्हणाल्या, "मला लिहायचंच नाहीये. नकार तोंडाने सांगितला, चुकलं हेही तोंडानेच सांगेन." अशी प्रत्येकीपाशी आपापली कारणं होती. माझ्याजवळ दानबीचा नंबर होता. दोन ओळींचा मेसेज टाकायला किती वेळ लागतो? पण नोकरी नवी होती, आणि मी मनाशी म्हटलं की हे मावशींचं ओझं आहे, त्यांना वाहू द्यावं.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही दोघी बसने समचोनपोला गेलो. सुकटीच्या शेडमध्ये हातमोजे घातलेली एक बाई होती, दानबीच्या आईच्या ओळखीची. माशांच्या मुंड्या छाटत छाटत ती बोलली. वकील मिळाला नाही. बाकीच्या दोघींना बापांनी घरी बसवलं. दानबी एकटीच राहिली, तेव्हा मालकाने माफीनामा लिहून घेतला आणि तो महिनाभर बाजाराच्या फळ्यावर लावला. बायका मासळी घ्यायला यायच्या आणि तो वाचायच्या. ज्यांच्यासाठी पोरगी संडासं धुंडाळत होती, त्याच बायका. महिना संपला त्या दिवशी ती निघून गेली. कुठे ते आईलाही नीट माहीत नव्हतं, की सांगायचं नव्हतं.

मावशींनी विचारलं, "कॅमेरा होता ना पण?"

"होता की," बाई म्हणाली. "कोण नाही म्हणतं?"

परतीच्या बसला वेळ होता, म्हणून मावशी बाजारातल्या बायकांच्या संडासात गेल्या. बराच वेळ झाला म्हणून मी मागोमाग गेले. आत भिंतींवर, दारांवर, कडीच्या खाली, जिथे पाहावं तिथे लांबीचे पांढरे ठिपके होते आणि प्रत्येकावर अंगठ्याचा ठसा. सुकून कडक झालेले. मावशी एकेका ठशावर आपला अंगठा ठेवून बघत होत्या. शेवटच्या संडासात एक ठिपका कुणीतरी खरवडून काढला होता आणि मागचं भोक उघडं होतं. मावशींनी कागदाचा बोळा करून त्यात कोंबला. तो राहीना, बाहेर यायचा, त्या परत कोंबायच्या. शेवटी मी त्यांना हात धरून बाहेर आणलं.

एकोणतीस तारखेला सकाळी त्यांनी ऑफिसात समुद्रशेवाळाचं सूप केलं, वाढदिवसाला करतात ते. एक वाडगा रिकाम्या जागी मांडला. मग फोन लावत राहिल्या. लाट यायची, फुटायची, मागे जायची. संध्याकाळी त्यांनी फोन खाली ठेवला आणि म्हणाल्या, "आता झाली तिशीची. आता खरोखरच नाही म्हणावं लागेल." इतकं वाईट मी त्यांच्या तोंडून दुसरं काही ऐकलं नाही.

पुढे अर्जाचा कागद आम्ही गुपचूप बदलला. अटीत वयाच्या जागी जन्मतारीख आली. वरातीमागून घोडं. मावशींनी जनावर विचारणं कायमचं सोडलं, आणि त्यामुळे पोरींशी बोलायला सुरुवात कशी करावी हेच त्यांना कळेनासं झालं. पर्समध्ये लांबीची ट्यूब आली. हायवेवरच्या थांब्यावर, दवाखान्यात, लग्नाच्या हॉलमध्ये, जिथे जातील तिथल्या संडासात त्या भोकं बुजवायच्या. आमच्या ऑफिसच्या संडासातल्या टॉवेलच्या खिळ्याचं भोकही त्यांनी बुजवलं. मी एकदा चिडून म्हटलं, "मावशी, इथे कोण कॅमेरा लावणार आहे?" त्या म्हणाल्या, "कॅमेऱ्याची भीती नाही गं मला. मला वाटतं तिकडून ती बघतेय." मी हसण्यावारी नेलं. पण त्या दिवसापासून त्या संडासात गेलं की बुजवलेल्या भोकाकडे पाठ करायला मलाही नको वाटे.

त्यानंतर दर एकोणतीस डिसेंबरला सूप आणि फोन. ऑफिसच्याच नंबरावरून, एकदाच. दुसऱ्यांदा लावायच्या नाहीत. तिने नको म्हटलं होतं, तर वर्षातून एकदाच तिचं मन मोडायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. दरवर्षी लाटा. नंबर बंद झाला नव्हता एवढीच आशा. मी विचारलं होतं, की उचलला तर काय बोलणार. त्या म्हणाल्या, "तुझं वय बरोबर होतं, पोरी. एवढंच."

दोन हजार बावीसच्या हिवाळ्यात त्या दवाखान्यात पडल्या. पोटाचा आजार, उशिरा कळलेला. एकोणतीस तारखेच्या आदल्या दिवशी मला बोलावून म्हणाल्या, उद्या तू लाव, ऑफिसातूनच लाव, ती नंबर ओळखत असेल. मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी वर्षअखेरचे अहवाल परदेशी पाठवायचे होते. दुपारी आठवलं तेव्हा माणसं समोर बसली होती. संध्याकाळी आठवलं तेव्हा मी दवाखान्याच्या वाटेवर होते. मला वाटलं, पाच वर्षं जो उचलला गेला नाही तो आज कशाला उचलला जाईल?

मावशींनी विचारलं, "लावलास?"

"लावला, मावशी. नाही उचलला."

"लाटा होत्या?"

"होत्या."

त्यांनी डोळे मिटून घेतले आणि खूप वेळ कान देऊन पडून राहिल्या. फेब्रुवारीत, नकारांच्या आठवड्यातच, त्या गेल्या.

त्याच वर्षी अठ्ठावीस जूनला सरकारचा नवा कायदा लागू झाला, की यापुढे सगळीकडे पुरी झालेली वर्षंच मोजायची. बैल गेला नि झोपा केला. एका सकाळीत अख्खा देश वर्षा-दोन वर्षांनी लहान झाला. खाली खानावळीत म्हातारे एकमेकांना चिडवत होते, गू बाईंनी सगळ्यांना आईस्क्रीम आणलं. तेवढ्यात ऑफिसचा फोन वाजला आणि मी उचलला.

"मी समचोनपोची छे दानबी. मावशी आहेत का? जनावर विचारायच्या त्या."

 ती आपली बोलत राहिली. बातम्या बघून हिशेब केला म्हणाली, बोटांवर. "त्या वेळी मी एकोणतीसचीच होते ना?"

"हो."

"हे मावशींना माहीत होतं?"

"त्याच वर्षी नोव्हेंबरात कळलं. तेच सांगायला तुम्हाला दरवर्षी फोन करत होत्या. फेब्रुवारीत गेल्या त्या."

 आज पलीकडे लाटा नव्हत्या. मग ती सावकाश म्हणाली, "मला वाटायचं, पुन्हा नाही म्हणायलाच करतात. माझ्या वाढदिवसाला तेवढा एकच फोन यायचा. वाजू द्यायचे आणि ऐकत बसायचे. मागच्या डिसेंबरात ठरवलं, की बास झालं, या वेळी उचलायचा, मग नाही तर नाही. सुट्टी घेतली. दिवसभर फोन हातात धरून बसले होते. आलाच नाही."

मी म्हटलं, मावशी तेव्हा दवाखान्यात होत्या.

हे खरं होतं. तिने ते ऐकून घेतलं, काळजी घ्या म्हणाली आणि फोन ठेवला.